त्या बाटलीत सीओटू नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. त्यातल्या एका पोरानं खाली लिहिलं होतं, "काका, खरं हाय का हे?" सोलापुरात फिश टँकचा नाद असलेली माणसं बरीच आहेत, पण माशांपेक्षा टाकीतल्या झाडांवर जीव टाकणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे असलं काही फिरायला लागलं की फिरत फिरत माझ्याकडे येतंच. टाकीतल्या झाडांना खाणं म्हणून काही जण सिलिंडरमधून सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, पाण्यात सोडतात, त्याबद्दल आहे हे. मेसेज असा आहे:

"प्लांटेड टँकवाल्यांनो, सिलिंडरची भानगड सोडा! लिक्विड कार्बन म्हणजे पातळ केलेला सीओटूच. कार्बन तो कार्बन, झाडाला फरक कळत नाही. गॅसनं मासे मरतात, यानं मरत नाहीत. सगळ्या झाडांना चालतो. शेवाळ जातं हाच पुरावा. उन्हाळ्यात सिलिंडर म्हणजे घरात बॉम्ब. बाटली महाग वाटत असेल तर हॉस्पिटलात हत्यारं बुडवायचं औषध आणा, तेच असतं, चौदा दिवसांनी ते फेकूनच देतात. सीओटूशिवाय झाड वाढत नाही, आजच सुरू करा. पुढे पाठवा."

यातली दोन-तीन वाक्यं अर्धीमुर्धी खरी आहेत, आणि जिथं खरी आहेत तिथं मी तसं म्हणणार आहे. पण पाया कच्चा आहे. मेसेज ज्याला झाडाचं खाणं समजतो ते मारायचं औषध आहे. मी ऑपरेशन थिएटरात टेक्निशियन आहे. त्या द्रावणाशी माझी ओळख टाकीच्या आधीपासूनची.

"लिक्विड कार्बन म्हणजे पातळ केलेला सीओटूच"

कार्बन डायऑक्साइड साध्या हवेच्या दाबाला पातळ होतच नाही. थंड करत नेला तर सरळ घट्ट होतो, त्यालाच ड्राय आइस म्हणतात. पातळ ठेवायचा तर हवेच्या पाचपटीहून जास्त दाब लागतो, आणि खोलीच्या तापमानाला साठ-सत्तर पट. तेवढा दाब प्लास्टिकच्या बाटलीत, आट्याच्या झाकणाखाली टिकेल का, हे गोळी-सोड्याची बाटली फोडताना पाहिलेल्या कुणालाही सांगता येईल.

बाटलीत असतं ते ग्लुटारल्डिहाइड, नाहीतर त्याचंच रेणू जोडून केलेलं भावंड. सीकेम कंपनीच्या फ्लोरिश एक्सेल या लिक्विड कार्बनमधल्या पदार्थाचं नाव 'पॉलिसायक्लोग्लुटारॅसिटल' असं लांबलचक आहे. त्यातला 'ग्लुटार' शोधला की घराणं कळतं. आपल्याकडे मिळणाऱ्या कित्येक बाटल्यांवर तेवढंही नसतं. झाडाचं हिरवं चित्र आणि 'लिक्विड कार्बन', संपलं.

मी पहिली बाटली आणली तेव्हा मलाही ते खतच वाटलं होतं. झाकण काढलं आणि हात तिथंच थांबला. कुजक्या सफरचंदासारखा, नाकात टोचणारा वास. थिएटरात दुर्बिणीच्या ऑपरेशनची हत्यारं ज्या झाकणाच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवतात, त्या ट्रेचा वास. आतून बायको म्हणाली, "आज ड्यूटीचा वास घरी घेऊन आलात होय?" तिनं ओळखलं, मी बाटलीवरचं झाड बघत बसलो होतो.

हे रसायन करतं काय, तर प्रथिनं एकमेकांत अडकवतं. मागावरच्या ताण्याबाण्याला कुणी जागोजागी गाठी मारून ठेवाव्यात आणि माग पुढं सरकू नये, तसं. जंतू त्यामुळेच मरतात. याच गुणावर ते चामडं कमवायला वापरतात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघायच्या पेशी आहेत तशा थिजवायला वापरतात, कारखान्यांच्या कूलिंग टॉवरमधली बुळबुळ मारायला वापरतात. बाटलीत ते पातळ करून घातलेलं असतं आणि मात्रा थेंबांची असते, म्हणून मासे वाचतात.

"कार्बन तो कार्बन"

सगळ्या मेसेजचा जीव या तीन शब्दांत आहे, म्हणून इथं जरा बसू.

कार्बन साखरेतही आहे. टाकीत चार चमचे साखर टाकली तर झाडं तशीच राहतात, जिवाणू माजतात आणि पाणी दुधाळ होतं. झाडाच्या पानात रुबिस्को नावाचं एन्झाइम असतं. ते कार्बन डायऑक्साइडचा रेणू धरतं आणि पाच कार्बनच्या एका साखरेला जोडतं, तिथून पुढं सगळा स्वयंपाक सुरू होतो. आता बाटलीची बाजू घेणारे म्हणतात, ग्लुटारल्डिहाइडमध्येही पाचच कार्बन आहेत, म्हणून झाड ते थेट आत घेतं. पाच खोल्यांची दोन घरं एका गल्लीत असली म्हणून एकाची किल्ली दुसऱ्याला लागते का? झाडाच्या त्या साखरेच्या दोन्ही टोकांना फॉस्फेट असतं. ग्लुटारल्डिहाइडच्या दोन्ही टोकांना अल्डिहाइड असतं, जे समोर येईल त्या प्रथिनाला जाऊन चिकटतं.

तरी वादासाठी सगळं मान्य करू. समजा बाटलीतला कार्बनचा कण न् कण कार्बन डायऑक्साइड झाला आणि झाडाच्या तोंडात गेला. असं थोडंफार होतंही: हवा खेळत्या पाण्यात जिवाणू ग्लुटारल्डिहाइडचं आधी ग्लुटारिक आम्ल करतात आणि मग कार्बन डायऑक्साइड. तर किती मिळेल?

फ्लोरिश एक्सेलच्या लेबलवर रोजची किंवा एक दिवसाआडची मात्रा २०० लिटरला ५ मिलिलिटर आहे. द्रावण १.५ टक्क्याचं धरा. ५ मिलिलिटरमध्ये ७५ मिलिग्रॅम ग्लुटारल्डिहाइड. त्याच्या वजनात ६० टक्के कार्बन, म्हणजे ४५ मिलिग्रॅम. एवढ्या कार्बनचा पूर्ण कार्बन डायऑक्साइड झाला तर १६५ मिलिग्रॅम. भागिले २०० लिटर. उत्तर लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम, आणि तेही अख्ख्या दिवसासाठी.

गॅस सोडणारे पाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास धरून चालतात, आणि झाडानं खाल्लेला, वरून हवेत उडालेला वायू दिवसभर भरून निघत राहतो. माझी तीन बाय दीड बाय दीडची टाकी काठोकाठ भरली तर १९० लिटरची. तिला दोन किलोचा सिलिंडर चार महिने जातो, म्हणजे दिवसाला सोळा-सतरा ग्रॅम. त्यातला बराचसा वाया जातो हे कबूल. तरी बाटलीचे ०.१६५ ग्रॅम आणि सिलिंडरचे १६ ग्रॅम यांत शंभरपटीचा फरक आहे. काही न करता ठेवलेल्या टाकीतसुद्धा माशांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातून लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम असतोच. म्हणजे बाटली दिवसभरात जेवढं देईल त्याहून जास्त गप्पी फुकट देतात.

कुणी म्हणेल, मग मात्रा वाढवू. ३० मिलिग्रॅमची बरोबरी करायला ती ३६ पट करावी लागेल, म्हणजे पाण्यात लिटरमागे साडेतेरा मिलिग्रॅम ग्लुटारल्डिहाइड. तेवढ्यात झाडं कशी दिसतात हे बघायला मासे राहणार नाहीत.

हिशोबावर विश्वास नसेल तर ड्रॉप चेकर लटकवा. त्यातला रंगद्रव आत येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडनं निळ्याचा हिरवा होतो. बाटलीवर चालणाऱ्या टाकीत तो महिनाभर ठेवा, निळाच राहील.

"गॅसनं मासे मरतात, यानं मरत नाहीत"

पहिला अर्धा भाग खरा आहे. गॅसनं मासे मरतात, आणि बाटलीपेक्षा जास्त मरतात. मी मारलेले आहेत.

झालं असं की ड्रॉप चेकर नवीन होता आणि सोबतची रेफरन्सची कुपी सांडून गेली. मी म्हटलं पाणीच तर आहे, टाकीतलं घालू. आमच्या जुळे सोलापूरच्या घरी नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे टाकीत निम्म्याहून जास्त बोअरचं. या काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी किती जड असतं ते गीझरच्या कॉइलला विचारा. माझ्या पाण्याचा केएच, म्हणजे कार्बोनेटचा जडपणा, १४ निघतो. तर ते पाणी चेकरमध्ये, वर निळ्या रंगाचे तीन थेंब, आणि मी हिरवा व्हायची वाट बघत निडल व्हॉल्व्ह, म्हणजे गॅस कमी-जास्त करायची चावी, रोज जरा जरा उघडतोय. चौथ्या दिवशी हिरवा झाला. त्या दिवशी दुपारी निऑन टेट्रा सगळे पाण्याच्या वर तोंडं काढून होते, कल्ले धापा टाकत होते, आणि दोन तळाशी आडवे.

चेकरचा हिरवा रंग म्हणजे पीएच साधारण ६.६. आतलं पाणी ४ केएचचं असेल तर ६.६ ला कार्बन डायऑक्साइड ३० मिलिग्रॅम येतो. आतलं पाणी १४ केएचचं असेल तर त्याच हिरव्याला १०५. मी साडेतीन पट वायू सोडून वर खूश होतो. म्हणून चेकरमध्ये कायम ४ केएचचं तयार पाणी, टाकीचं नाही. पुण्या-मुंबईकडं पाणी हलकं, तिथं ही चूक कधी कधी पचून जाते. इथं पचत नाही.

दुसरा धोका संपत आलेल्या सिलिंडरचा. स्वस्तातल्या एकपदरी रेग्युलेटरमधून, आतला दाब पडला की बाहेरचा दाब वाढतो, आणि उरलासुरला वायू रात्रीतून टाकीत जातो. काटा पडायला लागला की सिलिंडर उतरवायचा, शेवटचा घोट पिळत बसायचं नाही.

आता दुसरा अर्धा भाग. लेबलची मात्रा मोजून घातली तर बाटलीनं मासे सहसा मरत नाहीत, हेही खरं. पण मेसेजातलं "मरत नाहीत" वाचून माणूस मोजायचं सोडतो. मे महिन्यात आपल्या शेजारच्या पोरानं शेवाळ जाईना म्हणून टोपणानं तीनदा ओतलं. सकाळी मासे वर. ग्लुटारल्डिहाइडचा एक रेणू पुरता जिरवायला ऑक्सिजनचे सहा रेणू लागतात. वर मेलेलं शेवाळ कुजतं, तेही ऑक्सिजनच खातं. त्यातून आपला उन्हाळा: २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात, ३५ ला जेमतेम सात. पाणी तापलं की माशांची भूकही वाढते, श्वासही. पहाटे चारला वीज गेली, फिल्टर थांबला, की जे व्हायचं ते होतं. कोळंब्या तर माशांच्याही आधी जातात.

"सगळ्या झाडांना चालतो"

नाही चालत. व्हॅलिस्नेरिया, म्हणजे आपली वॅली, आणि रिकिया या दोघींना विचारा. मी वॅलीच्या टाकीत पहिल्या आठवड्यात लेबलप्रमाणे घातलं. पाचव्या दिवशी हातभर लांब पानं फोडणीत पडलेल्या शेपूसारखी मऊ होऊन एका बाजूला कलली, आठव्या दिवशी सायफनमधून बाहेर. नवल असं की सोलापुरात वॅलीला बाटलीची गरजच सगळ्यांत कमी. ती आणि हायड्रिला या जड पाण्यातला बायकार्बोनेट फोडून स्वतःचा कार्बन स्वतः काढतात. आपलं बोअरचं पाणी म्हणजे त्यांच्यासाठी भरलेलं कोठार. ॲनुबियास, जावा फर्न यांना बाटलीनं काही होत नाही, पण ती झाडं मुळातच इतकी सावकाश वाढतात की त्यांना कशानंच काही होत नाही.

"शेवाळ जातं हाच पुरावा"

पुरावा आहेच, पण उलट्या बाजूचा. मारायच्या औषधानं काहीतरी मेलं.

इथं मात्र बाटलीचं माप तिच्या पदरात घातलं पाहिजे. ॲनुबियासच्या कडेला, लाकडावर, फिल्टरच्या तोंडाशी जे काळं, दाढीच्या खुंटासारखं शेवाळ येतं, त्याच्यावर हिच्याइतकं चटकन चालणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही. फिल्टर दहा मिनिटं बंद करायचा, दिवसाच्या मात्रेइतकंच द्रावण सिरिंजमध्ये घ्यायचं आणि सुई काढून त्या झुबक्यांवर हळू सोडायचं. दोन-तीन दिवसांत काळं शेवाळ गुलाबी-लालसर होतं. ते लाल शेवाळाच्या जातीचं. बाकीचे रंग मेले की आतला लाल उघडा पडतो. मग पांढरं, मग कोळंब्या खातात. पानावरची काजळी गेली की पानाला उजेड मिळतो, झाड तरारतं, आणि माणूस म्हणतो, बघा, कार्बन लागू पडला.

माझ्याकडे आजही एक बाटली आहे. ती खतांच्या फळीवर नाही, औषधांच्या डब्यात आहे.

"उन्हाळ्यात सिलिंडर म्हणजे घरात बॉम्ब"

ही भीती सोलापुरात खरी वाटते, कारण मे महिन्यात काटा खरोखर चढतो आणि तो बघून नवीन माणूस घाबरतो. मीही घाबरलो होतो. भरून आणला तेव्हा डिसेंबर होता, काटा ६० च्या आत. एप्रिलात पुन्हा भरून आणला तर ९० च्या वर.

कारण असं. ३१ अंशांच्या खाली सिलिंडरात तळाला पातळ आणि वर वायू असे दोन थर असतात, आणि २५ अंशाला दाब ६४ बारच्या आसपास राहतो, मग आत दीड किलो असो की एक. म्हणून हिवाळ्यात काट्यावरून किती उरलाय ते कळत नाही, वजनच करावं लागतं. ३१ अंशांच्या वर गेलं की कार्बन डायऑक्साइड कितीही दाबला तरी पातळ होत नाही. आपल्या घराचा हॉल एप्रिलात ३६-३७ ला असतो, म्हणजे दोन महिने सिलिंडरात पातळ असं काही नसतंच, सगळं एकजीव. मग दाब आत किती भरलाय त्यावर ठरतो, आणि नीट भरलेला सिलिंडर या तापमानाला ९०-१०० बार दाखवणारच. अशा सिलिंडरची चाचणी २५० बारला घेतलेली असते आणि व्हॉल्व्हला सेफ्टी डिस्क असते, जी दाब फार झाला तर फुटून वायू सोडून देते.

धोका आहे तो दुसरीकडे. कोंबून भरलेला सिलिंडर: भरणाऱ्यानं काट्यावर ठेवून वजनानं भरला पाहिजे, तुमच्यासमोर. चाचणीची तारीख उलटलेला सिलिंडर: ती मानेवर ठोकलेली असते, वाचा. अग्निशामक नळकांडी भरून देणारे आणि सोड्याच्या मशीनला गॅस पुरवणारे हे काम रोज करतात, त्यांना विचारलं की सांगतात. भरून आणताना गाडीच्या डिकीत टाकून होटगी रोडला जेवायला थांबायचं नाही. बंद गाडी उन्हात ६० अंशांवर जाते, आणि तिथं मात्र डिस्क फुटू शकते.

आणि एक धोका मेसेजला सुचलेलाच नाही. दोन किलो वायू बाहेर आला तर तो एक घनमीटरहून जरा जास्त होतो. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत, दारं-खिडक्या लावून एसी चालू असताना तो सगळा एकदम सुटला तर हवेत चार टक्के होईल. ते माणसाच्या जिवाला धोक्याचं प्रमाण आहे. वायूला वास नाही आणि तो हवेपेक्षा जड, जमिनीवर झोपणाऱ्याला आधी गाठतो. त्यामुळे निजायच्या बंद खोलीत सिलिंडर नको, आडवा नको, भिंतीला साखळीनं बांधलेला हवा. एवढं केलं की आपल्याकडच्या वीज जाण्याचीही चिंता उरत नाही. गॅसच्या वाटेवरचा विजेचा व्हॉल्व्ह, म्हणजे सोलेनॉइड, वीज गेली की आपोआप बंद होतो. यीस्ट-साखरेच्या घरगुती बाटलीला हे कळत नाही, ती रात्रभर बुडबुडे सोडत बसते.

सिलिंडर नकोच असेल तर मधला रस्ता लिंबूसत्व आणि खाण्याचा सोडा. दोन्ही २०० ग्रॅम घेतले तर शंभरेक ग्रॅम वायू निघतो, दाब एक-दोन बारचा, आणि किराणा दुकानात सगळं मिळतं. शंभर ग्रॅम म्हणजे छोट्या टाकीचे दोन-तीन आठवडे. दोन फुटांपर्यंत मी हेच सांगतो.

"हॉस्पिटलात हत्यारं बुडवायचं औषध आणा, तेच असतं"

हे वाचून मला राग आला, म्हणून शेवटाकडे ठेवलं.

रसायन एकच आहे, इतपत बरोबर. पुढं सगळं वेगळं. थिएटरातलं द्रावण साधारण २.४ टक्क्यांचं, म्हणजे बाटलीची मात्रा जशीच्या तशी घातली तर दीडपटीहून जास्त जातं. वापरायच्या आधी त्यात ॲक्टिव्हेटर घालतात, कारण आम्लात ते टिकतं पण मारत नाही, अल्कलीत मारतं पण टिकत नाही. ॲक्टिव्हेटर घातल्यापासून चौदा दिवस मोजतात. त्या चौदा दिवसांत ते आपोआप रेणू जोडत जातं, ताकद घटत जाते, आणि रोज त्यात हत्यारं बुडत असतात. धुतलेली असली तरी हत्यारंच ती. गंज थांबवणारी द्रव्यं, काहींत साबणी द्रव्यं आणि रंग, हे आणखी. चौदाव्या दिवशी त्यात किती टक्के काय उरलंय हे तपासायच्या पट्ट्याशिवाय आम्हालाही सांगता येत नाही. "फेकूनच देतात" ते याच कारणानं. ते कॅनमधून मागून आणून टाकीत ओतायचं?

आणि माशांचं राहू द्या. आम्ही हातमोजे, चष्मा, झाकणाचा ट्रे आणि पंखा चालू असल्याशिवाय त्याच्या जवळ जात नाही. सुरुवातीच्या वर्षांत मोजे फाटलेत हे लक्षात न आल्यानं माझी दोन बोटं आठवडाभर पिवळट तपकिरी होती. कातडी कमवायचं रसायन ते, माझीही कमवली. आमच्या एका सिस्टरला त्याच्या वाफेनं दमा लागला, विभाग बदलून घ्यावा लागला. एकदा का शरीरानं त्याच्याशी वैर धरलं की पुढं थोडासा वासही पुरतो. आणि मेसेज वाचून लोक ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ठेवतात. मी डोळ्यानं पाहिलंय, साखर पेठेत एका घरी, पोराच्या उंचीवर.

"सीओटूशिवाय झाड वाढत नाही"

शब्दशः घेतलं तर बरोबर, कुठलंच झाड वाढत नाही. पण मेसेजला म्हणायचंय की विकत आणल्याशिवाय वाढत नाही, आणि ते खोटं. सगळं दिव्यावर आहे. दिवा जेवढा प्रखर तेवढी झाडाची कार्बनची मागणी जास्त, आणि मागणी पुरली नाही की शेवाळ. ज्यांना मॉन्टे कार्लो या बुटक्या झाडाचा गालिचा आणि लालभडक रोटाला हवाय त्यांनी गॅस घ्यावा, शिकून घ्यावा, रोज बघावा. बाकीच्यांनी दिवा सहा-सात तासांवर आणावा आणि पैसे वाचवावेत.

माझ्या ओळखीचे एक टॉवेलच्या कारखान्यात मागावर असलेले काका आहेत, अक्कलकोट रोडला. त्यांच्या दोन फुटी टाकीत गॅस नाही, बाटली नाही, नीटसा दिवाही नाही. पूर्वेच्या खिडकीचा उजेड, नदीची वाळू, बोअरचं पाणी आणि पंधरा-वीस गप्पी. त्यांना मी तो मेसेज दाखवला. चष्मा वर करून वाचला, म्हणाले, "आमच्यात तर हे उपटून टाकावं लागतंय की हो." खरंच, मागची काच दिसत नव्हती. वॅलीनं वाळूखालून धावदोरे टाकून सगळी टाकी बांधून टाकली होती. त्यांनी बाही वर केली, एक दोरा धरून ओढला तर माळेसारखी सहा रोपं वर आली. अशी बारा रोपं ओल्या टॉवेलात गुंडाळून दिली. मी जिथली वॅली वितळवली होती, त्याच कोपऱ्यात परवा ती लावली आहेत.